दोरीवरचा हत्ती

तळ्याच्या काठावर आता निळे-नारिंगी तंबू ओळीनं उभे आहेत. प्रत्येक तंबूला आकडा आहे, आत गादी आहे, बाहेर दोन खुर्च्या आहेत. मुलानं हौसेनं आमच्यासाठी दोन तंबू घेतले आणि निघताना म्हणाला, "नीलूआत्यालाही घेऊन चला, ती कधी कुठं जातच नाही." तो आणि त्याची मंडळी होडीत गेली आहेत. मी आणि माझी धाकटी बहीण नीलव्वा खुर्च्यांवर बसलो आहोत. भाद्रपद संपत आला आहे. धुकं डोंगरावरून उतरतं, तळ्यावर थोडं रेंगाळतं आणि परत झाडांत शिरतं. पन्नास वर्षांपूर्वी ते असंच करत होतं.

नीलव्वाच्या मांडीवर पिशवी आहे. पिशवीत कडक भाकरीचं पाकीट आहे, सोलापुरातल्या दुकानातून घेतलेलं, चारी बाजूंनी चिकटवलेलं. गुडघ्यांमुळं तिला आता चुलीपुढं बसवत नाही.

"अव्वाच्या भाकरी जितं सगळ्यांनी खाल्ल्या, तितंच बसून आपणबी खाऊ की," ती गाडीत तीनदा म्हणाली होती. आता आजूबाजूला बघत ती चौथ्यांदा विचारते, "कुटं बसला हुता रे अण्णा तुमी समदे?"

मी चष्मा पुसतो. धुक्यानं तो सारखा भरतो, हे एक बरं आहे.

*

आमचं घर होटगीला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. अप्पा रेल्वेच्या गँगमध्ये होते. त्यांच्या सदऱ्याला डांबर, लोखंड आणि उन्हाचा मिळून एक वास असायचा. अव्वा, म्हणजे आमची आई, घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायची. पोट भरलं का विचारायची ते मराठीत, आणि आम्ही "साकु, साकु" म्हणून ताटावर हात आडवा धरला की रागवायची ते कानडीत. मालगाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणत, आणि अव्वा बोलता बोलता थांबून, गाडी जाऊ देऊन, तोडलेलं वाक्य तिथूनच पुढं जोडत असे.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या तोंडात अजून आहे. तो रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीच्या चवीचा आहे. त्या वर्षी अव्वा खडी फोडायच्या कामावर गेली आणि नीलव्वाला बरोबर घेऊन गेली. तिची शाळा चौथीत सुटली, ती सुटलीच. माझी सुटली नाही. हे कुणी ठरवलं असं मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी सकाळी वह्या घेऊन सोलापूरच्या गाडीत चढायचो तेव्हा त्या दोघी डोक्यावर टोपल्या घेऊन उलट्या बाजूला चालत जायच्या, आणि नीलव्वा मागं वळून हात हलवायची.

दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. घरात पहिल्यांदा पांढरी शुभ्र मालदांडी ज्वारी आली होती. अव्वा ती मुठीत घेऊन नुसती वास घ्यायची. त्याच भाद्रपदात आमच्या कॉलेजनं वनस्पतिशास्त्राचं शिबिर काढलं. घाटमाथ्यावर, दाट जंगलात, तळ्याच्या काठी, तंबूत आठ दिवस. सरांनी वर्गात सांगितलं, अंथरूण, ताटली, तांब्या आणि सगळ्यांना मिळून खाता येईल असं काहीतरी कोरडं. कुणी चिवडा म्हणालं, कुणी लाडू. मी तोवर वर्गात कधी आपणहून बोललो नव्हतो. त्या दिवशी उभा राहिलो.

"सर, आमच्या घरची कडक भाकरी महिनाभर टिकते. आठ दिवसांची सगळ्यांची न्याहारी मी आणतो."

"वा!" सर म्हणाले. "मग न्याहारीची काळजी मिटली."

ते "वा" मी होटगीपर्यंत तोंडात घोळवत आलो.

कडक भाकरी एकटीनं उरकण्याचं काम नव्हे. गल्लीतल्या दोन बायका आल्या, पदर खोचून परातीपुढं बसल्या, आणि दोन दिवस घरात तीन तऱ्हेच्या थापा वाजत राहिल्या. अव्वाची थाप भरभर, कोपऱ्यावरच्या काकूंची संथ, तिसरीची मध्येच बोलायला थांबणारी. भाकरी तव्यावर पडायची, पाण्याचा हात फिरायचा, मग मंद आचेवर फडक्यानं दाबून दाबून तिच्यातलं पाणी काढायचं. शेवटी चुलीच्या कडेला तिला उभी टेकवून ठेवायचं, कडकडीत होईपर्यंत. चुलीभोवती अशा भाकरींचं रिंगण बसलेलं असायचं. तीळ तडतडायचे. उखळात शेंगाची चटणी कुटली जायची आणि लसणाचा वास रुळांच्या पलीकडे जायचा.

अव्वा प्रत्येक भाकरी कानाजवळ धरून नखानं वाजवायची. टण्ण आवाज आला तर ती चळतीत. आवाज जरा जरी बसका वाटला, तर परत चुलीकडं.

"कॉलेजातली मान्सं खानार हायती," ती शेजारणींना म्हणाली. "आवाज नीट आला पायजे."

"जंगलात काय आवाज ऐकत बसणारेत व्हय ते?" कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. "वाघ बोलावून आणतील भाकरी वाजवून!"

सगळ्या हसल्या. मग अव्वानं मला विचारलं, "तितली हवा कशी असती रं?"

"थंड असते," मी म्हणालो.

"थंडीत तर आनखी चांगल्या ऱ्हातील."

हवा ओली असू शकते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडं ओलं म्हणजे विहिरीचं तळ, नाहीतर रडणाऱ्या पोराचं तोंड. हवा ही वाळवणारीच असते, अशी आमची समजूत होती. मी तर विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो.

पाच विसा, म्हणजे शंभर भाकरी झाल्या. बांधायला अव्वानं तिचं इरकली लुगडं काढलं. अंग विरलं होतं, पण पदराकडची बाजू धड होती, लाल, तिच्यात पांढरे पट्टे. तेवढा भाग तिनं फाडून घेतला. नीलव्वा बारा वर्षांची होती. फडकं दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून तिनं त्याच्या एका कोपऱ्यात हत्ती भरला. अव्वाकडून शिकलेला तो कशिदा, टाके मोजून घालायचा, उलट्या बाजूनंही सारखाच दिसायचा. दोरा विकत आणला नव्हता. लुगड्याच्याच काठातून हिरवे धागे एकेक ओढून काढले होते. पाठीवर अंबारी आणि वर केलेली सोंड असा तो हत्ती होता. एक पाय जरा आखूड झाला होता.

"लंगडतोय," मी म्हणालो.

"चालून चालून दमला न्हवं का," ती म्हणाली. "होटगीपासनं जंगलापत्तोर जायचंय त्येला."

*

पहिल्यांदा तळं दिसलं तेव्हा मला भीती वाटली होती. एवढं पाणी कुणाच्याही मालकीचं नसावं, त्याच्यावर पहारा नसावा, रांग नसावी, हे बघून. झाडांच्या खोडांवर शेवाळ होतं आणि शेवाळावर आणखी बारीक झाडं उगवली होती. तंबूच्या जाड कापडाला रॉकेल आणि ओल्या पोत्यासारखा वास यायचा. सकाळी उशी ओली, सदरा ओला, वहीची पानं लोंबती, आगपेटीची काडी घासली की गुलाचा नुसता चिखल व्हायचा. सर नेच्याचं एकेक पान उलटं करून मागचे ठिपके दाखवत आणि त्यांचा आवाज धुक्यात मऊ व्हायचा. तसा आनंद मला परत झाला नाही. हे लिहायला हवं, कारण पुढचं लिहिलं की तो झालाच नव्हता असं वाटेल.

पहिल्या सकाळी भाकरी वाजल्या. सगळ्यांनी वाखाणल्या. दुसऱ्या सकाळी त्या मोडताना आवाज आला नाही. तिसऱ्या सकाळी मी गाठोडं सोडलं, तर चामड्यासारख्या झाल्या होत्या. वाकवल्या तर वाकत होत्या.

डॉक्टरांचा मुलगा शिरीष माझ्या शेजारी बसायचा. तो वाईट नव्हता, त्यानं मला आपला स्वेटर घालायला दिला होता. त्यानं भाकरी दोन्ही हातांनी धरून ताणली आणि सोडली.

"अरे, ही सोलापूरची चप्पल आहे! दुसऱ्या पायाची कुठंय?"

चौदा-पंधरा जण हसले. मीही हसलो. तेच आधी सांगायला हवं होतं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

"हसताय काय," सर म्हणाले. "ज्वारी आहे ती." त्यांनी एक भाकरी घेतली आणि खायला लागले. त्यांचा जबडा बराच वेळ हलत होता. मी त्या जबड्याकडं बघत होतो. "चव छान आहे," ते म्हणाले आणि उरलेली अर्धी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

चौथ्या दिवशी पहाटे उजाडायच्या बेतात होतं. मी गाठोडं उघडलं आणि कडांना पांढरी लव दिसली. तंबूतले बाकीचे झोपले होते. मी गाठोड्यात एक दगड घातला, दोन गाठी मारल्या आणि तळ्यात गुडघाभर पाण्यात गेलो. पाणी इतकं गार होतं की हाडात कळ गेली. मी गाठोडं सोडलं. ते लगेच बुडालं नाही. जरा वेळ माझ्या गुडघ्याला टेकून राहिलं, मांजर राहतं तसं. मग बुडबुडे आले आणि लाल रंग उतारावरून खाली खाली गेला.

न्याहारीला मी सांगितलं, "भाकरी माकडांनी पळवल्या."

दोन वेळच्या जेवणासाठी आणलेल्या आचाऱ्यानं उपमा केला. सगळ्यांना आनंद झाला, आणि तो आनंद लपवण्याइतके ते सगळे सभ्य होते.

दुपारी आम्ही पानं दाबत बसलो होतो, तेव्हा म्हशी राखणारी एक बाई तळ्याकडून आली. वरच्या पाड्यातली गवळी-धनगराची. कमरेपर्यंत भिजलेली. तिच्या हातात लाल फडकं होतं आणि त्यातून पांढरं पाणी निथळत होतं.

"अवं, कुनाचं ह्ये?" ती म्हणाली. "माजी म्हस पाण्यात बसली, तिच्या पायाला लागलं. अन्न हाय यात. पाण्यात अन्न कोन टाकतं?"

फडकं सगळ्यांनी तीन दिवस पाहिलेलं होतं. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "माकडांनी टाकलं असेल, बाई."

"माकडं गाठ मारत्यात व्हय?" तिनं फडक्यातला दगड काढून सगळ्यांना दाखवला. "आनि दगुड घालत्यात?"

हसू आवरायला शिरीषनं वहीत तोंड घातलं. बाईनं फडक्याचा कोपरा वर केला. हिरवा हत्ती ओला होऊन गडद झाला होता.

"ह्यो हत्ती कुनी काढला? लई दिवस बसून काढलाय कुनीतरी." आणि मग, कसं कोण जाणे, तिनं नेमकं माझ्याकडं पाहिलं. "तुजा हाय का रं, पोरा?"

"नाही," मी म्हणालो. "माझा नाही."

"चुलीवर टांगायचं व्हतं," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "धुरात. हितं आमी समदं टांगतो, मग ऱ्हातंय."

भाकरीचा लगदा तिनं तिथंच दोन म्हशींपुढं ओतला. त्यांनी तो शेवटपर्यंत चाटून खाल्ला. माझ्या आईच्या भाकरी त्या जंगलात आवडीनं खाल्ल्या असतील, तर त्या म्हशींनी. फडकं तिनं पिळलं आणि आचाऱ्याच्या हातात दिलं, "मालक सापडला की द्या."

मालक सापडला नाही. आचारी त्या फडक्यानं चार दिवस तापलेलं पातेलं उतरवत होता. मी पानं दाबायचो, नावं लिहायचो, आणि तिकडं हत्ती काजळीत बुडत चालला होता. आधी त्याची अंबारी गेली, मग सोंड. शेवटच्या दिवशी आचाऱ्यानं ते धुऊन दोन झाडांत बांधलेल्या दोरीवर टाकलं. एसटी सुरू झाली तेव्हा ते तिथंच होतं. मी खिडकीशी होतो. "थांबा" एवढं म्हणायचं होतं. ड्रायव्हरनं थांबवली असती. सर तर नक्कीच काही बोलले नसते.

*

"पुरल्या का रं?" अव्वानं दारातच विचारलं.

"कमी पडल्या," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दुष्काळानंतर ती तशी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. आणि मग ते मागं घेणं मला जमलं नाही. गल्लीत तिनं सांगितलं, शेतावर सांगितलं, अक्कलकोटच्या मावशीला सांगितलं. जंगलात, तळ्याच्या काठी, सगळ्या कॉलेजानं माझ्या भाकरी खाल्ल्या, कमी पडल्या.

"माझा हत्ती?" नीलव्वानं विचारलं.

"सरांच्या घरी आहे. त्यांच्या पत्नीला फार आवडला."

ती न्हाणीच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि तिथून तिचं कानडीतलं गाणं ऐकू आलं.

मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला, तेव्हा अप्पा आणि नीलव्वा पेढे घेऊन माझ्याबरोबर सरांच्या घरी आले. सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांनी पुस्तकं दिली, नोकरीसाठी पत्र दिलं, आणि तळ्याकाठचा विषय आयुष्यात एकदाही काढला नाही. त्या दिवशी त्यांनी अप्पांना शेजारी खुर्चीवर बसवलं. अप्पा खुर्चीच्या कडेवर, पाय जोडून. नीलव्वा चहाची कपबशी दोन्ही हातांत धरून भिंतींकडं बघत होती. दिनदर्शिका, घड्याळ, काचेचं कपाट. मग उशांचे अभ्रे, टेबलावरचं कापड. तिची नजर सगळीकडं जाऊन परत येत होती. सरांच्या पत्नीनं विचारलं, "काय बघतेस गं?" ती म्हणाली, "कायी न्हाय. घर लई छान हाय."

परतीच्या गाडीत तिनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "आतल्या खोलीत असंल, न्हवं अण्णा?"

"व्हय," मी म्हणालो.

अकलूजच्या शाळेत मी तीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलं. बुरशीच्या पाठाला दरवर्षी पावाचा तुकडा ओला करून, पेला पालथा घालून खिडकीत ठेवायचो. चौथ्या दिवशी मुलं गोळा व्हायची, "सर, लव आली, लव आली!" म्हणायची. एका मुलीनं एकदा विचारलं, "भाकरीलापण येते का, सर?" मी म्हणालो, "पावावर चांगली दिसते."

अव्वाला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सलाही तिनं ती गोष्ट सांगितली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. नर्स मला म्हणाली, "खरंच कमी पडल्या?" मी मान डोलावली.

*

होडी तळ्याच्या पार पलीकडं गेली आहे. नीलव्वानं पाकिटाचा कोपरा फाडला, मग थांबली.

"सांग की. कुटं बसून खाल्ल्या? त्या खडकावर का? तितं बसू."

"तिथं," मी म्हणालो, आणि पाण्याकडं बोट केलं.

"पान्यात?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू गेलं.

मी सांगितलं. लव, दगड, म्हस, सरांचा जबडा, दोरीवरचा हत्ती, "माझा नाही". क्रम बरोबर राहिला नाही, पण काही वगळलं नाही. ती तळ्याकडं बघत ऐकत होती. मध्येच तिनं पदर तोंडाशी नेला, आणि ती रडणार असं मला वाटलं. रडली नाही.

"अव्वाला मरंपत्तोर तसंच बोलू दिलंस व्हय रे?"

"हो."

"मी सासरी समद्यांना सांगितलंय. प्रोफेसराच्या भिंतीवर माझा हत्ती हाय म्हणून. नातीला सांगितलंय परवा."

मी पुन्हा चष्मा पुसायला लागलो.

"कुटली झाडं?"

"आता काय कळणार, नीलू. पन्नास वर्षं झाली."

ती उठली. गुडघ्यांवर हात टेकत, तंबूंच्या दोऱ्या ओलांडत, ती झाडांकडं गेली. मी खुर्चीवरून बघत होतो. ती एका खोडाला हात लावायची, शेवाळावरून तो फिरवायची, मग पुढच्या खोडाकडं. दोन जांभळींच्या मध्ये ती बराच वेळ वर बघत उभी राहिली. तिथं अर्थातच काही नव्हतं. धुकं तिच्याभोवती आलं आणि तिचा रंग पुसट झाला. तिनं मागं वळून हात हलवला नाही.

परत आली ती हाशहुश करत. बसली. पाकीट पूर्ण फाडून एक भाकरी काढली आणि सवयीनं कानाजवळ धरून नखानं वाजवली. टण्ण. मी हात पुढं केला.

"आत्ता न्हाय," ती म्हणाली.

भाकरी तिनं आमच्या मधल्या दगडावर उघडी ठेवली, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मला कळायला जरा वेळ लागला. होडी आली. मुलं ओरडत तंबूत गेली, सून चहा ठेवून गेली, तो गार झाला. धुकं आलं, गेलं, पुन्हा आलं. मध्ये एकदा नीलव्वानं भाकरी नखानं वाजवली, अजून आवाज होता. आणखी बऱ्याच वेळानं वाजवली. मग तिनं ती उचलून वाकवली. ती मोडली नाही.

तिनं दोन्ही हातांनी ओढून तिचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला.

"खा आता."

मी खायला लागलो. जबडा दुखतो, वेळ लागतो. चव ज्वारीची, तिळाची, चुलीची, तीच होती. त्या वेळी वातड झाल्यावर मी ती चाखूनही पाहिली नव्हती. नीलव्वा स्वतःचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत होती. मी शेवटचा घास गिळेपर्यंत तिनं आपला तोंडात घातला नाही.